ठिगळ कुठं दिसतं? कल्ट भयपटांची डिस्क पारखायची कशी

दहा सेकंदांत पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या २४० फ्रेम सरकतात. फुटपट्टी लावली तर पंधरा फूट. भयपटांच्या इतिहासातले खटले, छापे, बंद्या आणि दिग्दर्शकांचे संताप बहुतेक वेळा एवढ्याशा पट्टीवरून झाले आहेत. आज हौसेनं डिस्क घेणाऱ्याची फसगत होते तीही तिथंच. सव्वा तास चित्र इतकं स्वच्छ की नटाच्या कोटाची वीण मोजावी, आणि ज्या प्रसंगामुळे चित्रपट चाळीस वर्षं लोकांच्या तोंडी राहिला तो आला की रंग विटलेला, कडा धूसर, आवाज विहिरीतून आल्यासारखा. कधी प्रसंगच अर्धा: कुऱ्हाड वर जाते आणि पुढच्याच क्षणी सकाळ झालेली असते.

म्हणून डिस्क हातात आली की मी चित्रपट सुरुवातीपासून लावतच नाही. आधी त्यातला सगळ्यात रक्तबंबाळ प्रसंग काढतो. रिस्टोरेशन, म्हणजे जुन्या चित्रपटाची डागडुजी, करणाऱ्याचं कसब, प्रामाणिकपणा आणि आळस, तिन्ही तिथं उघडे पडतात. पुढची सगळी पद्धत या एका सवयीभोवती बांधलेली आहे. मात्र त्या प्रसंगापर्यंत पोचण्याआधी घरबसल्या थोडा अभ्यास करावा लागतो.

आधी नाव पक्कं करा

कल्ट भयपटाला, म्हणजे मोजक्या चाहत्यांनी वर्षानुवर्षं जिवंत ठेवलेल्या भयपटाला, एकच नाव असतं हा समज सोडून द्या. लुचिओ फुल्चीचा १९७९ चा चित्रपट इटलीत ‘झोंबी २’, अमेरिकेत ‘झोंबी’ आणि ब्रिटनमध्ये ‘झोंबी फ्लेश ईटर्स’. त्याचाच १९८१ चा ‘द बियाँड’ अमेरिकेत ‘सेव्हन डोअर्स ऑफ डेथ’ या नावानं, कापून आणि वर नवं संगीत चढवून दाखवला गेला. दारिओ अर्जेंतोचा ‘तेनेब्रे’ अमेरिकेत ‘अनसेन’ झाला आणि त्यातली दहाएक मिनिटं वाटेत गळली. या नावांकडे टोपणनावं म्हणून बघू नका. प्रत्येक नावामागं एक वेगळी कापलेली प्रत उभी असते. म्हणून मूळ भाषेतलं नाव, वर्ष आणि दिग्दर्शक ही तिन्ही जुळल्याशिवाय पुढं जाऊ नये.

मग त्या चित्रपटाला कात्री कुठं लागली ते शोधा, कारण कात्रीची जात देशागणिक बदलते.

अमेरिकेत देशभराचा असा सरकारी सेन्सॉर नव्हता. १९६८ पासून चित्रपट उद्योगाचीच रेटिंग देणारी यंत्रणा होती. ‘एक्स’ (फक्त प्रौढांसाठी) रेटिंग मिळालं की बरीच थिएटरं आणि वर्तमानपत्रातल्या जाहिराती हातच्या जायच्या, त्यामुळे निर्माता ‘आर’ (मुलांना मोठ्यांसोबतच प्रवेश) मिळेपर्यंत चित्रपट पुन्हापुन्हा कापून पाठवायचा. १९९० मध्ये ‘एक्स’ची जागा ‘एनसी-१७’नं घेतली, तरी धास्ती तीच राहिली. या कापण्याची खूण अशी की अख्खा प्रसंग क्वचितच जातो. प्रत्येक शॉटच्या शेपटीतून दहा-वीस फ्रेम उडवलेल्या असतात. वार होतो, पण तो पुरता लागण्याआधीच कॅमेरा दुसरीकडे बघतो.

ब्रिटनमध्ये गोष्ट आणखी चिघळली. व्हिडिओ कॅसेट नव्यानं आल्या तेव्हा त्यांना प्रमाणपत्र लागत नव्हतं. मग आरडाओरडा झाला, पोलिसांनी दुकानांतून कॅसेटी उचलल्या, आणि ‘व्हिडिओ नॅस्टी’ म्हणून एक यादी निघाली. तिच्यात वेळोवेळी मिळून ७२ चित्रपट आले, त्यातल्या ३९ वर खटले चालून शिक्षा लागल्या. १९८४ च्या व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायद्यानं कॅसेटला प्रमाणपत्र सक्तीचं केलं. सॅम रेमीचा ‘द ईव्हिल डेड’ तिथं पूर्ण लांबीत पास व्हायला २००१ उजाडलं. ‘द टेक्सास चेन सॉ मॅसकर’ला प्रमाणपत्र मिळालं १९९९ मध्ये. गंमत म्हणजे त्या चित्रपटात पडद्यावर रक्त जेमतेम दिसतं. लोकांना आठवतं तेवढं रक्त त्यात कधी नव्हतंच.

याचा व्यवहारातला अर्थ असा की ब्रिटिश डिस्क घ्यायची असेल तर तिथल्या वर्गीकरण मंडळाच्या संकेतस्थळावर चित्रपटाची नोंद उघडावी. किती मिनिटं, किती सेकंद, कुठल्या साली काय कापलं, हे तिथं मिळतं. जर्मन आवृत्त्यांसाठी ‘श्निटबेरिश्टे’ हे संकेतस्थळ दोन आवृत्त्यांची फ्रेमनिशी तुलना करतं. तिथली चिकाटी बघून कधीकधी माणसांची काळजी वाटते, पण माहिती पक्की असते.

काही कात्र्या आजही कायम आहेत आणि त्याचं कारण रक्त नसतं. ‘कॅनिबल होलोकॉस्ट’मध्ये प्राणी खरोखर मारले गेले. ब्रिटनमध्ये प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध १९३७ चा कायदा आहे, त्यामुळे २०११ मध्ये तो तिथं पास झाला तेव्हाही सुमारे १५ सेकंद गेलेच. ही काटछाट मला खटकत नाही. उलट ज्या डिस्कवर प्राण्यांचे प्रसंग वगळलेली आवृत्ती वेगळी निवडता येते, तीच मी कुणालाही सुचवेन.

मिनिटं मोजा, पण मिनिटांवर विश्वास ठेवू नका

वेष्टनाच्या मागं छापलेली लांबी हा सगळ्यांत सोपा पुरावा आणि सगळ्यांत फसवाही.

पहिला सापळा पाल पद्धतीचा, म्हणजे युरोप आणि भारतातल्या जुन्या टीव्ही पद्धतीचा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमनं चित्रित होतो. पाल पद्धतीच्या कॅसेट आणि डीव्हीडीवर तो २५ फ्रेमनं धावतो. म्हणजे ९० मिनिटांचा चित्रपट ८६ मिनिटं २४ सेकंदांत संपतो आणि एकही फ्रेम कापलेली नसते. उलट जुन्या डीव्हीडीवर ८६ आणि नव्या ब्लू-रेवर ९० बघून ‘चार मिनिटं नवी मिळाली’ म्हणून उड्या मारणारेही मी पाहिले आहेत. ओळखायचा सोपा उपाय: पाल लांबीला २५ नं गुणा, २४ नं भागा. आणि कान द्या, कारण वेग वाढला की आवाजही किंचित वरच्या पट्टीत जातो.

दुसरा सापळा जास्त मजेचा. स्टुअर्ट गॉर्डनच्या १९८५ च्या ‘री-ॲनिमेटर’ची मूळ, रेटिंग न घेतलेली आवृत्ती सुमारे ८६ मिनिटांची. पुढं ‘आर’ रेटिंगसाठी रक्त काढलं, आणि पडलेली पोकळी भरायला आधी वगळलेले संवादाचे प्रसंग आत घातले. ती आवृत्ती झाली सुमारे ९५ मिनिटांची. म्हणजे सोवळी आवृत्ती लांब, रक्ताळलेली छोटी. पुढं दोन्ही एकत्र करून १०५ मिनिटांची तिसरी आवृत्ती निघाली. ती अभ्यासाला छान आहे. पण पहिल्यांदा बघणाऱ्यानं ८६ मिनिटांचीच लावावी, तिच्यात श्वास घ्यायला जागा नाही आणि तेच तिचं बळ आहे.

तिसरी अडचण एकाहून अधिक ‘खऱ्या’ आवृत्त्यांची. जॉर्ज रोमेरोच्या ‘डॉन ऑफ द डेड’ची अमेरिकी आवृत्ती १२७ मिनिटांची, कान चित्रपट महोत्सवासाठी घाईत जुळवलेली १३९ ची आणि युरोपसाठी अर्जेंतोनं कापलेली ११९ ची. यातली कुठलीच सेन्सॉरनं केलेली नाही. तेव्हा ‘अनकट’ हा शब्द इथं निरर्थक ठरतो. विचारायचं ते एवढंच की तुम्हाला कुणाच्या हातची वीण हवी आहे.

आणि ‘अनरेटेड’ या शब्दाचं काय? त्याचा अर्थ फक्त इतकाच की ही आवृत्ती रेटिंगसाठी पाठवली नव्हती. दोन मिनिटांची निरर्थक बडबड जोडूनही वेष्टनावर तो शब्द छापता येतो, आणि छापलेला आहे.

कापलेला तुकडा आला कुठून?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि जाहिरातीत याचं उत्तर सहसा नसतं. ‘मूळ निगेटिव्हवरून नवं फोर-के स्कॅन’ (साध्या ब्लू-रेच्या चौपट बारीक तपशिलाचं) असं वाक्य ठळक असतं. ते खरंही असतं, पण निगेटिव्हमध्ये जे उरलं आहे तेवढ्यापुरतं.

रेटिंगसाठी चित्रपट कापला तेव्हा बहुधा कात्री निगेटिव्हलाच लागली. उडवलेले तुकडे एखाद्या डब्यात राहिले, नाहीतर कचऱ्यात गेले. शिवाय निगेटिव्ह फिल्म चिकटवायच्या सिमेंटनं जोडताना जोडाशेजारची फ्रेम खर्ची पडते. त्यामुळे तुकडा पुढं सापडला तरी तो जसाच्या तसा बसत नाही, मध्ये एखाद-दुसरी फ्रेम कायमची गेलेली असते. बघताना तिथं बारीकसा धक्का जाणवतो. तो डिस्कचा दोष नव्हे, जुन्या जखमेचा वण आहे.

तुकडा मिळण्याच्या जागा, वरून खाली उतरत्या दर्जानं, साधारण अशा: मूळ निगेटिव्हचे छाट, निगेटिव्हवरून काढलेलं इंटरपॉझिटिव्ह, त्यावरून काढलेलं दुसरं निगेटिव्ह, थिएटरची प्रिंट, संपादकाच्या टेबलावरची घासून निघालेली वर्कप्रिंट, आणि सगळ्यांत तळाला त्या वर्कप्रिंटची व्हीएचएस कॅसेट. कधी नशीब असं की कात्री लागण्याआधीच परदेशी रवाना झालेली प्रिंट तिकडच्या गोदामात पूर्ण सापडते.

तीन चित्रपट घेतले की हा सगळा जिना दिसतो. १९८१ चा कॅनेडियन ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ रेटिंगच्या कात्रीत सुमारे तीन मिनिटांना मुकला. २००९ च्या डिस्कवर ती फिल्मवरूनच परत आली, पण बाजूच्या चित्राशी रंग आणि धार जुळत नाही हे कुणाच्याही लक्षात यावं. क्लाइव्ह बार्करच्या ‘नाइटब्रीड’चे गेलेले प्रसंग आधी व्हीएचएस वर्कप्रिंटवरच होते. २०१२ मध्ये ते चित्रपटात गुंफून ‘कबाल कट’ दाखवला गेला तेव्हा अर्धा चित्रपट काचेतून आणि अर्धा गोधडीतून बघितल्यासारखा होता. पुढं फिल्मचे मूळ डबे सापडले आणि २०१४ ची दिग्दर्शकाची आवृत्ती स्वच्छ निघाली. तिसरं उदाहरण दुःखाचं. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ मालिकेचा सातवा भाग, १९८८ चा. दिग्दर्शक जॉन कार्ल ब्यूकलर स्वतः मेकअप इफेक्ट्सचा माणूस, आणि त्याच्याच कारागिरीवर सगळ्यात निर्दय कात्री चालली. ते प्रसंग डिस्कच्या पुरवणीत व्हीएचएसच्या दर्जात बघायला मिळतात, चित्रपटात परत बसलेले नाहीत.

तर तुम्ही काय करायचं? तो प्रसंग लावा आणि फ्रेम-फ्रेमनं पुढं जा. प्लेअरचं हळू चालवायचं बटण पुरतं. ठिगळ कुठं सुरू होतं ते चार खुणांनी कळतं: ग्रेनचा, म्हणजे फिल्मवरच्या बारीक कणांचा, पोत बदलतो, काळा रंग राखाडी किंवा तपकिरी होतो, चित्र किंचित हलायला लागतं, आणि चौकट जराशी मोठी-लहान होते. चारही एकाच कटवर आल्या तर तुकडा दुसऱ्या जागेवरून आणलेला आहे हे नक्की.

इथं एक सावधगिरी. जिथं एक चित्र दुसऱ्यात विरघळतं, शीर्षकं चढतात किंवा दोन प्रतिमा एकावर एक येतात, तिथं मूळ चित्रपटातच ते काम ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे फिल्मवरून पुन्हा फिल्मवर छापून, झालेलं असतं. म्हणजे तो भाग जन्मतःच एक पिढी खालचा, जाड ग्रेनचा. नवखे लोक हमखास याला ठिगळ समजून तक्रार करतात.

ठिगळ दिसलं म्हणून डिस्क वाईट, असं मी मानत नाही. रफू करणारा धागा जुळवतो, पण कापड नवं असल्याचं सोंग आणत नाही. मला राग येतो तो ठिगळ लपवण्यासाठी आजूबाजूचं चांगलं चित्रही मुद्दाम मऊ केलेलं दिसलं की. आणि हल्ली तळाच्या कॅसेटवरून सॉफ्टवेअरनं नवा तपशील रचून घातलेला दिसला की. त्या जखमेत दिसणारं मांस कुठल्याही मेकअपवाल्यानं बनवलेलं नसतं.

रक्ताचा रंग

आता खरी कसोटी. पडद्यावरचं रक्त हे एकच द्रव्य नव्हे. हे माहीत नसलेला रंगतंत्रज्ञ फार नुकसान करतो.

डिक स्मिथ या अमेरिकी मेकअप कलावंताची कृती अनेकांनी वापरली: कॉर्न सिरप, लाल आणि पिवळा खाद्यरंग, टिकण्यासाठी मिथाइल पॅराबेन, आणि कपड्यात नीट मुरावं म्हणून कोडॅकचं फोटो-फ्लो. हे शेवटचं विषारी, त्यामुळे तोंडातून रक्त काढायचं असेल तर ते वगळायचं. हे रक्त दाट, खोल आणि काहीसं खऱ्यासारखं. याउलट ‘डॉन ऑफ द डेड’मध्ये टॉम साविनीनं थ्री-एम कंपनीचं तयार रक्त वापरलं. ते फिल्मवर इतकं भडक आलं की वितळलेल्या रंगीत खडूसारखं दिसावं. साविनीला ते आवडलं नाही. रोमेरोला मात्र तो चित्रकथेसारखा भडकपणा चालला. आता कुणी ‘सुधारणा’ म्हणून त्याला गडद तांबडं केलं, तर चित्र बरं दिसेल आणि चित्रपट बिघडेल.

‘सुस्पिरिया’ १९७७ चा. रंगवल्यासारखं लालभडक रक्त, निळ्या-हिरव्या भिंती, सगळंच अंगावर येणारं. त्याच्या प्रिंट टेक्निकलरच्या डाय-ट्रान्सफर पद्धतीनं निघाल्या होत्या, जिच्यात रंग सहसा उडत नाहीत. त्यामुळे मूळ रूप कसं होतं याला साक्षीदार आहे. २०१७ चं अमेरिकी रिस्टोरेशन मूळ निगेटिव्हवरून झालं आणि छायाचित्रकार लुचानो तोव्होली त्यावर देखरेख करायला होता. असं नाव दिसलं की माझा निम्मा संशय जातो. निम्माच, कारण चाळीस वर्षांनी माणसाची आवडही बदलते, आणि काही छायाचित्रकार स्वतःच्याच तारुण्याला दुरुस्त करायला बसतात.

बहुतेक चित्रपटांना असा साक्षीदार नसतो. १९८२ च्या आधीच्या ईस्टमनकलर प्रिंट आज बहुधा गुलाबी पडलेल्या असतात, कारण निळसर-हिरवा रंग आधी उडतो. अशा प्रिंटवरून कुणी रंग ठरवायला गेला तर सगळंच अंदाजानं. मग डिस्क बघताना मी रक्त एकटं बघत नाही. त्याच चौकटीतले दात, डोळ्यांतला पांढरा भाग, दवाखान्याची चादर, सदऱ्याची कॉलर शोधतो. पांढरं पिवळट किंवा हिरवट दिसत असेल आणि रक्त तपकिरी, तर आजची फॅशनेबल छटा सगळ्यावर ओतलेली आहे. पांढरं पांढरं असून रक्त नारिंगी दिसत असेल, तर ते रक्त तसंच होतं असं समजा.

रक्ताचा रंग सेन्सॉरला चुकवायलाही बदलला जायचा. ‘ईव्हिल डेड २’मध्ये काळं, हिरवं रक्त वाहतं ते याचसाठी, आणि शेवटी चित्रपट रेटिंगशिवायच लावावा लागला. भयपट नव्हे, पण ‘टॅक्सी ड्रायव्हर’च्या शेवटच्या रक्तपाताचा रंग ‘आर’ मिळावं म्हणून मुद्दाम फिका केला होता, आणि घरच्या आवृत्त्यांतही तो तसाच आहे. फिका रंग दिसला की लगेच दोष देऊ नये, आधी गोष्ट वाचावी.

एक तांत्रिक बाब इथंच सांगून टाकतो, कारण लाल रंगाला ती सगळ्यात जास्त बाधते. डिस्कवर उजेडाचा तपशील पूर्ण ठेवतात, पण रंगाचा तपशील आडवा आणि उभा, दोन्हीकडे निम्माच. काळ्या पार्श्वभूमीवर लाल ओघळ असला की डीव्हीडीवर त्याच्या कडा करवतीसारख्या दातेरी दिसतात त्या यामुळे. व्हीएचएसवर तर लाल रंग कडेबाहेर सांडतोच. फोर-के डिस्कमध्ये हे निम्मं म्हणजेच १९२० बाय १०८०, साध्या ब्लू-रेच्या उजेडाइतकं. म्हणून सोळा मिलिमीटरवर चित्रित झालेल्या चित्रपटाला फोर-केची काय गरज, असं कुणी हसून विचारलं तर त्याला रक्ताच्या ओघळाची कड दाखवावी. एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारी पद्धत) असेल तर ओल्या रक्तावरची चमकही वेगळी दिसते, सुकलेलं आणि ताजं ओळखू येतं.

ग्रेन, धूळ आणि गायब झालेले थेंब

धूळ काढणारं सॉफ्टवेअर शेजारच्या फ्रेमांशी तुलना करतं. जो ठिपका फक्त एकाच फ्रेममध्ये आहे, मागच्या-पुढच्या फ्रेममध्ये नाही, तो कचरा समजून पुसतं. आता विचार करा, हवेत उडालेला रक्ताचा थेंब काय असतो? अगदी तसाच ठिपका. पावसाच्या सरी, ठिणग्या, काचेचे तुकडे, उडणारा भुसा, सगळ्यांवर हेच संकट. यंत्र सैल सोडलं आणि माणसानं मागून तपासलं नाही, तर शिंतोडे अर्ध्यात नाहीसे होतात आणि वार बोथट होतो. प्रसंग फ्रेम-फ्रेमनं बघताना थेंबाचा मार्ग धरा. तो मध्येच तुटून पुन्हा उगवला तर काय झालं ते कळेल.

ग्रेन पुसण्याचा उपद्व्याप त्याहून सर्रास. ग्रेन म्हणजे घाण नाही, चित्रच त्याचं बनलेलं आहे. तो पुसला की चेहरे मेणाचे होतात. भयपटात हे दुप्पट घातक, कारण तिथं खरी त्वचा आणि लॅटेक्सची, म्हणजे रबराची, त्वचा शेजारी-शेजारी असतात आणि दोन्हींमधला फरक कलावंतानं ग्रेन आणि अंधाराच्या भरवशावर झाकलेला असतो. दोन्ही मेणाची झाली की फरक झाकला जात नाही, उलट सगळाच चेहरा खोटा वाटतो.

इटालियन भयपटांत ग्रेन जास्त दिसला तर दचकू नका. ‘द बियाँड’सारखे कित्येक चित्रपट टेक्निस्कोपवर घेतले. त्यात एका फ्रेमला फिल्मच्या कडेची चाराऐवजी दोनच छिद्रं, म्हणजे निम्मी फिल्म, निम्मा खर्च, आणि मोठं केल्यावर भरड ग्रेन. ‘टेक्सास चेन सॉ’ आणि ‘ईव्हिल डेड’ तर सोळा मिलिमीटरचे. यांच्या डिस्कवर ग्रेन जिवंत, बारीक, सळसळता दिसायला हवा. तो गोठून चौकोनी गोळे झालेला दिसत असेल, तर दोष स्कॅनचा नसून डिस्कवर दाबून भरण्याचा आहे.

वायर, नळी, रबराची कड, मागं उभा राहिलेला तंत्रज्ञ हे पुसावं की ठेवावं यावर भांडणं चालूच असतात. माझं मत ठेवावं. रक्ताची नळी दिसते तेव्हा कुणीतरी पडद्याखाली बसून पिचकारी दाबत होतं हेही दिसतं, आणि मला तो माणूस आवडतो.

आवाज

हे थोडक्यात, पण विसरू नका. परत जोडलेल्या तुकड्याला चित्र असतं, आवाज असेलच असं नाही. अर्जेंतोच्या ‘डीप रेड’ची इटालियन आवृत्ती १२७ मिनिटांची, निर्यातीसाठीची वीसएक मिनिटांनी छोटी. छोट्या आवृत्तीचंच इंग्रजी डबिंग टिकलं. त्यामुळे पूर्ण आवृत्ती इंग्रजीत लावली की पात्रं मध्येच इटालियन बोलू लागतात आणि खाली अक्षरं येतात. हे चुकून झालेलं नाही. अशा वेळी सरळ इटालियन ट्रॅक लावावा.

मूळ मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, ट्रॅक आहे की नाही ते मात्र आवर्जून बघा. नव्या ५.१ (सहा वाहिन्यांच्या) मिश्रणात कधी मूळ आवाज काढून बाजारी ध्वनीसंग्रहातले नवे घातलेले असतात. वारासाठी वापरलेला, कलिंगडात सुरी खुपसल्याचा तो ओला आवाज गेला की प्रसंगाचा निम्मा जीव गेला.

डिस्क आणि प्लेअर

ब्लू-रेचे तीन विभाग: ‘ए’ अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि आग्नेय आशिया, ‘बी’ युरोप, आफ्रिका, मध्यपूर्व, ऑस्ट्रेलिया, ‘सी’ रशिया, चीन, मध्य आणि दक्षिण आशिया. फोर-के डिस्कला विभाग नसतात, पण त्याच डब्यातल्या साध्या ब्लू-रेला असू शकतात, आणि पुरवण्या बहुधा त्या साध्या डिस्कवरच असतात. एकाच डिस्कवर दोन-तीन आवृत्त्या असतील तर त्या वेगवेगळ्या साठवल्या आहेत की वेगळा तुकडा तेवढा वाटेत जोडला जातो, हे बघावं. दुसऱ्या पद्धतीत काही जुने प्लेअर नेमके जोडावर अडखळतात. म्हणजे नेमके आपल्या प्रसंगावर.

टीव्हीची झाडाझडती

इतकं सगळं करून टीव्ही कारखान्यातून आला तसाच ठेवला तर मेहनत पाण्यात. हालचाल गुळगुळीत करणारी सोय पहिल्यांदा बंद करा. तिनं २४ फ्रेमच्या मध्ये खोट्या फ्रेम रचल्या जातात आणि राक्षस मेकअप केलेला नट दिसू लागतो. मग नॉइज कमी करणारी सोय, धार वाढवणारी, आपोआप काळा रंग बदलणारी, सगळ्या बंद. टीव्हीत ‘फिल्ममेकर मोड’ असेल, तर तो निवडला की यातलं बरंचसं एका बटणावर होतं. २०१९ मध्ये निघालेली ही सोय टीव्हीवाल्यांनी अलीकडे केलेल्या मोजक्या चांगल्या गोष्टींपैकी आहे.

काळा रंग नीट लावायला अंधारातला प्रसंग घ्या, ज्यात कुणीतरी गडद कोट घालून काळ्या दारात उभं आहे. कोटाच्या घड्या जेमतेम दिसाव्यात. दिसत नसतील तर उजेड एकेक पायरीनं वाढवा, अंधार राखाडी व्हायला लागला की एक पायरी मागं या. खोलीतले दिवे बंद, टीव्हीच्या मागं एक मंद पांढरा दिवा चालेल. उन्हात बसून रक्ताच्या छटेवर मत देऊ नये. मी दिलं आहे, आणि नंतर गुपचूप मागं घेतलं आहे.

जुनी डिस्क टाकू नका

नवी आवृत्ती आली की जुनी विकून टाकायचा मोह होतो. मी एकदा तसं केलं. नव्या फोर-केमध्ये सगळं होतं, फक्त अंधाराचा एक प्रसंग, जो दिवसा चित्रित करून रात्रीचा भासवायचा होता, तो भर दुपारचा करून ठेवला होता. कुणीतरी निगेटिव्ह स्कॅन केलं आणि छापताना प्रयोगशाळेत तो प्रसंग काळा करायचे हे विसरलं. जुन्या, धुरकट डीव्हीडीवर ती रात्र होती. ती परत शोधायला मला दोन वर्षं लागली.

तेव्हापासून प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी असते: कुठली आवृत्ती, किती मिनिटं, ठिगळ कितव्या मिनिटाला, मूळ मोनो आहे की नाही, रक्त कसं दिसतं. नवी डिस्क आली की चिठ्ठी काढायची, त्या मिनिटाला जायचं आणि दोन्ही शेजारी लावून बघायच्या. बऱ्याचदा नवी जिंकते. हरली तर दोन्ही ठेवायच्या, आणि चिठ्ठीवर कुठली कशासाठी लावायची तेवढं लिहून ठेवायचं.